रिंगण आणि रसिक : लेक डिस्ट्रिक्टविषयक वाङ्मयातील मेंढपाळांचा निर्णयाधिकार

१

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट हा प्रदेश इंग्रजी काव्याच्या अभ्यासकांना मुख्यतः वर्ड्‌स्वर्थच्या नावाने परिचित आहे. सरोवरे, उघडे डोंगर, दगडी बांध आणि धुके यांचे वर्णन करणाऱ्या वाङ्मयाची या प्रदेशात दोन शतकांहून अधिक काळ अखंड परंपरा आहे. परंतु ज्या डोंगरांचे सौंदर्य या वाङ्मयाने वाखाणले, त्यांचे आजचे रूप बव्हंशी मेंढ्यांच्या चराईने घडविले आहे. आणि ती चराई करणारा समाज या वाङ्मयात दीर्घकाळ वर्ण्य विषय म्हणून आला, वर्णनकर्ता म्हणून क्वचितच आला. २०१५ साली मॅटरडेल येथील मेंढपाळ-शेतकरी जेम्स रिबँक्स यांचे ‘द शेफर्ड्‌स लाइफ’ हे आत्मकथनपर पुस्तक प्रसिद्ध झाले आणि हा क्रम ठळकपणे उलटला. वर्ण्य विषय स्वतः बोलू लागला.

या पुस्तकाची चर्चा बहुधा निसर्गलेखन या सदराखाली झाली. ती अयोग्य नसली तरी अपुरी आहे. रिबँक्स यांच्या पुस्तकातील मध्यवर्ती प्रश्न निसर्गाचा नसून निर्णयाधिकाराचा आहे. एखाद्या भूप्रदेशात काय चांगले आणि काय वाईट, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? कवीचा, प्रवाशाचा, संरक्षणसंस्थेचा, शासनाचा, की तेथे राबणाऱ्या समाजाचा? हा प्रश्न ज्या ठिकाणी सर्वांत स्पष्टपणे मूर्त होतो, ते ठिकाण म्हणजे मेंढ्यांच्या प्रदर्शनाचे रिंगण होय. प्रदर्शनाकडे ग्रामीण करमणूक म्हणून पाहिले तर या वाङ्मयाचा राजकीय आशय हातून निसटतो. मेंढपाळ समाजाची स्वतःची समीक्षासंस्था म्हणून पाहिले तर तो उलगडू लागतो. ही समीक्षासंस्था किती दूरवर पुरते आणि कोठे अपुरी पडते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

इंग्लंडातील कृषिप्रदर्शनांच्या मागे दोन निरनिराळ्या परंपरा आहेत. पहिली वरून खाली आलेली. अठराव्या शतकात रॉबर्ट बेकवेल याने लीस्टर जातीच्या मेंढ्यांवर केलेल्या पैदाशीच्या प्रयोगांनंतर ‘सुधारणा’ हा शेतीचा परवलीचा शब्द झाला. १८३८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे ‘रॉयल’ ही उपाधी मिळालेल्या इंग्लंडच्या कृषिसंस्थेने १८३९ मध्ये ऑक्सफर्ड येथे आपले पहिले प्रदर्शन भरविले. अशा प्रदर्शनांचा हेतू उघडपणे शिक्षणाचा होता. जमीनदार व शास्त्रज्ञ यांनी दाखवावे आणि सामान्य शेतकऱ्याने शिकावे, अशी त्यांची रचना होती. या संस्थेचे वार्षिक राष्ट्रीय प्रदर्शन २००९ नंतर बंद पडले.

दुसरी परंपरा खालून वर वाढली. लेक डिस्ट्रिक्टमधील उंच रान मोठ्या प्रमाणावर सामायिक आहे आणि त्यावर अनेक शेतांचे कळप कुंपणाविना चरतात. मेंढी आपल्या पिलाला आपले रान शिकविते व ते पिलू मोठे झाल्यावर त्याच रानाला धरून राहते. या सवयीला तेथे ‘हेफ्ट’ असे नाव आहे. तरीही काही मेंढ्या चुकून दुसऱ्यांच्या कळपात जातातच. त्यांची ओळख पटावी म्हणून कानाला विशिष्ट छेद देणे आणि लोकरीवर रंगाची खूण करणे या पद्धती रूढ झाल्या. १८१७ साली या खुणांची सचित्र नोंद करणारे मार्गदर्शक पुस्तक छापले गेले. त्यात मेंढीच्या ठशावर प्रत्येक कळपाची खूण दाखविलेली असे. चुकलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याला परत करण्यासाठी मेंढपाळ ठराविक दिवशी एकत्र जमत. या मेळ्यांतच मेंढ्यांची तुलना, पैजा, खाणेपिणे, गाणी आणि शर्यती यांना स्थान मिळाले, आणि त्या प्रदेशातील अनेक लहान प्रदर्शनांच्या मुळाशी हे मेळे आहेत. म्हणजे या प्रदर्शनांचा उगम परस्परांची मालमत्ता प्रामाणिकपणे परत करण्याच्या व्यवहारात आहे. सामायिक रानावर टिकून राहावयाचे तर शेजाऱ्याच्या सचोटीवर विसंबावे लागते, आणि ती सचोटी वर्षातून एकदा सर्वांदेखत तपासली जात असे.

या पार्श्वभूमीवर रिंगणातील परीक्षणाचा अर्थ ध्यानात घ्यावा लागतो. हर्डविक ही या प्रदेशाची खास जात. तिचे कोकरू काळे जन्मते, वयाबरोबर लोकर करडी होते आणि तोंड हिमकणांनी माखल्यासारखे पांढरे होते. प्रदर्शनापूर्वी तिच्या लोकरीला तांबूस रंग चोळण्याचा रिवाज आहे. शेजारच्या स्वेलडेल जातीच्या मेंढ्यांना दलदलीतील काळ्या मातीची छटा देतात. परक्या प्रेक्षकाला हा केवळ शृंगार वाटतो. परीक्षकाची दृष्टी मात्र हाडाचा भक्कमपणा, पायांची ठेवण, दात, लोकरीची दाटी आणि एकूण उभे राहण्याची ढब यांवर असते. ज्या उंचीवर ही मेंढी पावसाळी हिवाळा काढते, तेथे या प्रत्येक गुणाचा संबंध जगण्यामरण्याशी आहे. शिवाय परीक्षक हा स्वतः कळप बाळगणारा असतो. आज जो निर्णय देतो, तो उद्या दुसऱ्याच्या निर्णयासाठी आपला एडका घेऊन उभा राहतो. निर्णय देणारा व निर्णयाधीन यांच्यात कायमचे अंतर नसणे हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे रसिक आणि निर्माता हे दोन वर्ग नाहीत.

३

वर्ड्‌स्वर्थच्या वाङ्मयात नेमके हेच दिसत नाही. ‘लिरिकल बॅलड्‌स’च्या १८०० सालच्या आवृत्तीतील ‘मायकेल’ या कवितेचा नायक वृद्ध मेंढपाळ आहे. पुतण्याला जामीन राहिल्याने त्याच्या वडिलार्जित जमिनीवर संकट येते. ती विकण्याऐवजी तो एकुलत्या एका मुलाला कमाईसाठी शहरात धाडतो. मुलगा तेथे बिघडतो आणि परत येत नाही. बापाने त्याच्यासह रचावयास घेतलेला मेंढवाडा अपुरा राहतो. या कवितेमागे स्पष्ट राजकीय हेतू होता. १८०१ च्या आरंभी वर्ड्‌स्वर्थने संसदेतील पुढारी चार्ल्स जेम्स फॉक्स यास हा संग्रह पाठवून सोबतच्या पत्रात ‘मायकेल’ व ‘द ब्रदर्स’ या कवितांकडे त्याचे लक्ष वेधले. लहानशा स्वतःच्या जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबांचा गृहस्नेह हा त्या जमिनीशी निगडित आहे आणि तो वर्ग नष्ट होत चालला आहे, हे त्याला राज्यकर्त्यांपुढे मांडावयाचे होते. एका कवीने मेंढपाळांची वकिली संसदेपर्यंत नेली, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि ही वकिली होती. आणि वकिलीत अशिलाला बोलावयाचे नसते. मायकेलची उदात्तता त्याच्या एकाकीपणातून उभी राहते. तो डोंगरावर एकटा वावरतो, एकटा दुःख सोसतो. शेजारी त्याच्याविषयी करुणेने बोलतात, पण त्याच्या कळपाची पारख करणारा किंवा ज्याच्या मताची त्याला पर्वा आहे असा समव्यवसायी कवितेत उभा राहत नाही. १८१० मध्ये प्रथम लिहिलेल्या आणि १८३५ पर्यंत वाढवीत नेलेल्या सरोवरप्रदेशाच्या मार्गदर्शिकेत वर्ड्‌स्वर्थ या खोऱ्यांतील समाजाला समान दर्जाच्या मेंढपाळ-शेतकऱ्यांचे प्रजासत्ताक मानतो; परंतु ते प्रजासत्ताक त्याला भूतकाळात दिसते. वर्तमानातील प्रदेश मात्र, पाहण्याची दृष्टी आणि रसग्रहणाचे हृदय असणाऱ्या प्रत्येकाचा ज्यावर हक्क पोचतो असे जणू राष्ट्रीय धन आहे, अशी कल्पना त्याच ग्रंथात येते. १८४४ साली विंडरमिअरकडे येणाऱ्या रेल्वेला विरोध करताना त्याने याच विचाराचा पुढचा टप्पा गाठला : निसर्गसौंदर्याची अभिरुची उपजत नसते, ती संस्काराने येते.

हा सिद्धान्त मान्य केला तरी एक प्रश्न उरतो. संस्कारित दृष्टी ही काय केवळ चित्रकार, कवी आणि प्रवासी यांचीच मिरास आहे? शेकडो मेंढ्यांतून एक एडका निवडणारी आणि त्याचे गुण दोन पिढ्यांनंतरच्या कोकरांत पाहू शकणारी दृष्टीही दीर्घ संस्कारानेच येते. वर्ड्‌स्वर्थच्या वाङ्मयात या दुसऱ्या दृष्टीला प्रतिष्ठेचे स्थान मिळाले नाही, आणि १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाला ज्या विचारपरंपरेचा वारसा मिळाला, तिच्यातही हा अभाव उतरला. सौंदर्यविचारातील एक उणीव अशा रीतीने धोरणातील उणीव झाली.

४

या दोन दृष्टींमधील अंतर ओलांडण्याचा एक निराळा प्रयत्न बीॲट्रिक्स पॉटर यांच्या चरित्रात दिसतो. बालवाङ्मयाची लेखिका म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या पॉटर यांनी १९०५ मध्ये हिल टॉप हे शेत घेतले आणि १९२३ मध्ये ट्राउटबेक पार्क हे डोंगराळ मेंढीशेत विकत घेतले. उत्तरायुष्यात त्या आपल्या हर्डविक मेंढ्या घेऊन प्रदर्शनांत उतरू लागल्या, बक्षिसे मिळवू लागल्या आणि परीक्षकाचे कामही करू लागल्या. १९४३ मध्ये हर्डविक पैदासकारांच्या संघाने त्यांची पुढील अध्यक्ष म्हणून निवड केली. परंतु पद ग्रहण करण्यापूर्वीच, त्या वर्षाच्या डिसेंबरात, त्यांचे निधन झाले. चार हजार एकरांहून अधिक जमीन व चौदा शेते त्यांनी नॅशनल ट्रस्टला दिली आणि डोंगराळ शेतांवर शुद्ध हर्डविक कळप राखले जावेत अशी इच्छा नोंदविली.

बाहेरून आलेली, श्रीमंत, लंडनमध्ये वाढलेली ही स्त्री त्या समाजात स्वीकारली गेली, यात तिच्या पुस्तकांच्या कीर्तीचा फारसा वाटा नव्हता. तिने स्वतःला रिंगणाच्या निर्णयाधीन केले, म्हणून ती स्वीकारली गेली. १९२९ च्या ‘द फेअरी कॅरव्हॅन’ या पुस्तकात तिच्या मेंढ्या बोलतात, आणि त्या बोलण्यात त्या डोंगरांचे बारकावे आहेत. ते या सहवासाचेच फळ होय. तिच्या मृत्युपत्रातील अटीही कळपाला भूदृश्याचा अविभाज्य घटक मानतात. २०१६ साली बॉरोडेल खोऱ्यातील एका जुन्या शेताची जमीन नॅशनल ट्रस्टने घरापासून तोडून विकत घेतली, तेव्हा जो क्षोभ उसळला, त्याचे कारण येथे सापडते. जमीन, घर आणि कळप हे एकत्र असले तरच शेत, ही पॉटर यांनी ज्या समाजाकडून शिकलेली गोष्ट होती, तिचाच विसर पडला असे टीकाकारांचे म्हणणे होते.

५

रिबँक्स यांच्या पुस्तकाचे महत्त्व या परंपरेत ठेवून पाहावे लागते. त्याचे शीर्षक डब्ल्यू. एच्. हडसन यांच्या १९१० सालच्या ‘अ शेफर्ड्‌स लाइफ’ या पुस्तकाची जाणीवपूर्वक आठवण करून देते. हडसन यांनी दक्षिण इंग्लंडमधील विल्टशर येथील एका वृद्ध मेंढपाळाच्या आठवणी नोंदविल्या. तेथे मेंढपाळ सांगतो आणि निसर्गशास्त्रज्ञ लिहितो. रिबँक्स यांनी हे पुस्तक तरुणपणी वाचले आणि मेंढपाळ हा पुस्तकाचा नायक होऊ शकतो, हे त्यांना त्यात प्रथम दिसले. मात्र त्यांच्या पुस्तकात सांगणारा व लिहिणारा एकच आहे. आरंभीच्या प्रसंगात शाळेतील शिक्षिका लेक डिस्ट्रिक्टविषयी बोलते, आणि तिच्या बोलण्यातील प्रदेश विद्यार्थ्यांना ओळखू येत नाही. त्यात कवी आणि गिर्यारोहक आहेत, त्यांचे आईबाप नाहीत. संपूर्ण पुस्तक या प्रसंगाला दिलेले उत्तर आहे.

हे उत्तर ऋतुक्रमाने मांडले आहे, आणि ती मांडणी सोयीपुरती नाही. चराई, वाळल्या चाऱ्याची साठवण, एडक्यांची निवड, प्रदर्शने, विक्री, हिवाळ्यातील राखण, वेत अशी कामांची साखळी वाचकाच्या मनावर एक वेगळे कालमान बिंबविते. या साखळीत शरदातील प्रदर्शने व विक्री यांना निर्णायक स्थान आहे. वर्षभराच्या श्रमांचा निवाडा तेथे होतो. एखाद्या माणसाची किंमत त्याच्या भाषणावरून किंवा संपत्तीवरून न ठरता त्याच्या कळपावरून ठरते, आणि तो कळप बापाच्या, आजाच्या निवडींचे फलित असतो. रिबँक्स शाळा लवकर सोडून पुढे ऑक्सफर्डला इतिहास शिकले. परंतु पुस्तकात विद्यापीठाने दिलेल्या पदवीपेक्षा जुन्याजाणत्या पैदासकाराने मेंढीवरून फिरविलेली संमतिदर्शक नजर अधिक वजनदार ठरते. लेखनातील संयमित, तुटक, कामाच्या लयीत चालणारी वाक्ये या मूल्यव्यवस्थेशी सुसंगत आहेत.

मराठी वाचकाला येथे व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही मेंढपाळांची वाडी आहे आणि तेथेही शाळा आहे. परंतु निवेदक हा बाहेरून आलेला तरुण मास्तर आहे, आणि धनगरांचे जग त्याच्या हळूहळू उघडणाऱ्या नजरेतून दिसते. माडगूळकरांच्या कादंबरीत मास्तर वाडीकडून शिकतो. रिबँक्स यांच्या पुस्तकात शाळा काहीच शिकत नाही. एका कृतीत आदराने पाहणारा पाहुणा आहे, दुसरीत अपमान झालेला घरधनी आहे. दोहोंच्या स्वरांतील फरक या स्थानभेदातून आला आहे. त्यावरून कलामूल्याची उच्चनीचता ठरविणे चुकीचे होईल.

६

निर्णयाधिकाराचा हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही, हे त्या प्रदेशाच्या अर्वाचीन इतिहासावरून दिसते. १९१९ च्या कायद्याने मँचेस्टर शहराला पाणीपुरवठ्यासाठी हॉझवॉटर सरोवरावर धरण बांधण्याचा अधिकार मिळाला आणि १९३० नंतरच्या दशकात मार्डेल हे गाव पाण्याखाली गेले. तेथील मेंढपाळांचा मेळा प्रसिद्ध होता. तो बाहेर हलवावा लागला. सारा हॉल यांच्या ‘हॉझवॉटर’ (२००२) या कादंबरीने ही शोकान्तिका शेतकऱ्याची मुलगी आणि शहराचा प्रतिनिधी यांच्या प्रेमकथेतून मांडली आहे.

१९८६ मधील चेर्नोबिल दुर्घटनेनंतरचा प्रसंग अधिक बोधप्रद आहे. किरणोत्सर्गी सीझियम पावसाबरोबर कंब्रियाच्या डोंगरांवर पडले व मेंढ्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. ते सुमारे तीन आठवड्यांत उठतील असे प्रारंभी सांगण्यात आले; अखेरचे निर्बंध उठण्यास २०१२ साल उजाडले. अंदाज मैदानी चिकणमातीवरून बांधला होता, आणि डोंगरावरील आम्लधर्मी दलदलीच्या जमिनीत सीझियम वनस्पतींत पुनःपुन्हा शिरत राहिले. समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या प्रकरणाच्या अभ्यासात दाखवून दिले की, मेंढपाळांचा तज्ज्ञांवरील अविश्वास अज्ञानातून आलेला नव्हता. डोंगरावरील मेंढ्या कुंपणात कोंडून प्रयोग केले असता त्या नीट पोसत नाहीत व म्हणून निष्कर्ष निरुपयोगी ठरतील, हे त्यांनी आधीच सांगितले होते; ते ऐकले गेले नाही. रिंगणात ज्या ज्ञानाला सर्वोच्च मान होता, त्याला शासकीय चौकशीत ज्ञान म्हणून नोंदही मिळाली नाही.

२००१ सालच्या लाळखुरकत साथीत ब्रिटनभर साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली आणि कंब्रियाला सर्वांत मोठा तडाखा बसला. त्या वर्षी बहुसंख्य प्रदर्शनेही रद्द झाली. मैदानातील मारलेला कळप पुन्हा विकत घेता येतो. रान शिकलेला कळप विकत घेता येत नाही, कारण ते शिक्षण आईकडून पिलाकडे जाते. ही गोष्ट शासनाला समजावून सांगताना मेंढपाळांना आपल्या व्यवहारभाषेबाहेर येऊन बोलावे लागले. २०१५ च्या पुस्तकाची बीजे अशा प्रसंगांत आहेत. २०१६ च्या सार्वमतानंतर युरोपीय अनुदानाची जागा ‘सार्वजनिक हितासाठी सार्वजनिक पैसा’ या तत्त्वाने घेतली व २०२० च्या कृषी कायद्याने त्याला आधार दिला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडबरोबरचे करार २०२३ मध्ये अमलात आले, त्यामुळे आयात मांसाच्या स्पर्धेची धास्ती वाढली. सार्वजनिक हित कोणते हे ठरविणारा कोण, हा जुनाच प्रश्न आता अनुदानाच्या अर्जात येऊन बसला आहे.

७

येथपर्यंत मेंढपाळांच्या बाजूची मांडणी झाली. परंतु रिंगणाची मर्यादा न सांगता हा विचार सोडणे एकांगी ठरेल. रिंगणात मेंढीची परीक्षा होते; ती ज्या मातीवर वाढली त्या मातीची होत नाही. उत्तम एडक्याला पहिले बक्षीस देणारा परीक्षक त्या डोंगरावर झाडे किती उरली, ओढ्यात मासे आहेत की नाहीत, हे विचारीत नाही, आणि विचारण्याची त्या संस्थेत सोयही नाही. जॉर्ज मॉनबिओ यांनी ‘फेरल’ (२०१३) या पुस्तकात ब्रिटनच्या उघड्या डोंगरांचा दोष मेंढ्यांच्या चराईवर ठेवला, आणि २०१७ साली युनेस्कोने लेक डिस्ट्रिक्टला सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारसायादीत घेतले तेव्हा त्यांनी त्यावर कठोर टीका केली. त्यांच्या भाषेतील आवेश बाजूला ठेवला तरी मूळ आक्षेपाला रिंगणाजवळ उत्तर नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंढ्यांच्या संख्येनुसार अनुदान मिळू लागल्यावर अनेक डोंगरांवर कळप वाढले. ही वाढ शासनाच्या धोरणाने झाली हे खरे, पण समाजाच्या स्वतःच्या निवाड्याने ती रोखली नाही, हेही तितकेच खरे.

‘द शेफर्ड्‌स लाइफ’ या पुस्तकाचा उणा भाग येथे आहे. त्यात अपमानाचे परिमार्जन प्रभावी आहे; आत्मपरीक्षण क्षीण आहे. समाजाचा निर्णय हा जणू एकमुखी आणि स्वयंपूर्ण असावा अशी त्याची मांडणी आहे. जमीनधारक आणि कूळ, घरचा माणूस आणि मजूर यांच्या हितसंबंधांतील भेदांवर पुस्तकाचा भर नाही. ही उणीव लेखकाला स्वतःला जाणवली असावी, असे त्यांच्या ‘इंग्लिश पास्टोरल’ (२०२०) या पुढील पुस्तकावरून म्हणता येते. स्मरणरंजन, प्रगती आणि आदर्श अशा तीन टप्प्यांत रचलेल्या त्या ग्रंथात आजोबांची शेती, तिचे आधुनिकीकरण आणि त्यातून झालेली जमिनीची हानी यांचा हिशेब मांडला आहे. ओढ्याला पुन्हा वळणे देणे, कुंपणझाडी वाढविणे, झाडे लावणे ही कामे मेंढपाळीच्या व्याप्तीत आणली आहेत. पहिल्या पुस्तकात मेंढीवर थांबणारी पारख दुसऱ्यात रानापर्यंत पोचते. ती बाहेरच्या टीकेपुढे शरणागती नव्हे; समाजाने आपल्याच निर्णयशक्तीचे क्षेत्र वाढविणे होय.

एकूण विचार करता, लेक डिस्ट्रिक्टविषयक वाङ्मयाचा इतिहास हा दोन संस्कारित दृष्टींच्या परस्परांकडे दुर्लक्ष करण्याचा इतिहास आहे. वर्ड्‌स्वर्थने मेंढपाळाला प्रतिष्ठा दिली, पण त्याचा न्यायसमूह काढून घेतला. रिबँक्स यांनी तो न्यायसमूह परत आणला, आणि त्याच्या कक्षेबाहेर काय राहते हे उमगण्यास त्यांनाही दुसरे पुस्तक लिहावे लागले. डोंगराळ शेतीविषयीची धोरणे ठरविणाऱ्यांना या वाङ्मयातून घेण्यासारखी गोष्ट अशी की, मेंढपाळांना रसिकता शिकविण्याची आवश्यकता नाही. मेंढीची इतकी सूक्ष्म पारख करणारा समाज मातीचीही करू शकतो, मात्र ती करण्याचा अधिकार व तिचा मोबदला त्याच्याकडे राहिला पाहिजे. हा अधिकार नाकारला गेला तर उरेल ते भूदृश्य पाहण्याजोगे असेल, परंतु त्याचा निवाडा करू शकणारा माणूस तेथे राहणार नाही.